पूर्वजांचा माग चर्चच्या नोंदवह्यांतून

कुलवृत्तांताची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. अनेक घराण्यांचे वृत्तांत छापले गेले आहेत, तर तीर्थक्षेत्रांतील उपाध्यांच्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्यांची नावे आढळतात. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र ही वाट सहसा मोकळी नसते. धर्मांतरानंतर अनेकांचे भाऊबंदांशी संबंध तुटले, गावही सुटले. अशा कुटुंबांचा मुख्य आधार म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या. अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत तर पूर्वजाचे नाव प्रथम कागदावर आले ते अनेकदा याच वह्यांत.

आधी मिशन ओळखावे

शोधाची सुरुवात गावापासून नव्हे, तर मिशनपासून करावी लागते. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे त्यांचे महत्त्वाचे केंद्र झाले. स्कॉटिश मिशनचे काम मुंबई-पुण्यात, तर चर्च मिशनरी सोसायटीचे नाशिक परिसरात होते. पुढे १९७० मध्ये नागपूर येथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना होऊन यांपैकी बहुतेक मंडळ्या एका छत्राखाली आल्या. त्यामुळे चर्चची आजची पाटी आणि जुन्या वहीवरील नाव यांत फरक असू शकतो. वह्या साधारणपणे स्थानिक चर्चमध्ये किंवा धर्मप्रांताच्या कार्यालयात असतात.

नोंदीत काय मिळते?

बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय व विधी करणाऱ्या पाळकाचे नाव हा तपशील सामान्यतः असतो. विवाहाच्या नोंदीत वधूवरांचे वय, व्यवसाय, वडिलांचे नाव व साक्षीदारांच्या सह्या मिळतात. साक्षीदार बहुधा नात्यातले असल्याने त्यांची नावे अवश्य टिपावीत. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहनोंदीची प्रत सरकारी निबंधकांकडे पाठविण्याची तरतूद केली. म्हणून चर्चची वही नष्ट झाली, तरी शोध तेथेच थांबत नाही.

पंथागणिक पद्धतही बदलते. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व मेथडिस्ट चर्चमध्ये बालकांचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट चर्चमध्ये तो जाणतेपणी होतो. साल्व्हेशन आर्मीत बाप्तिस्म्याचा विधीच नाही. त्यामुळे बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्माची तारीख असे गृहीत धरू नये.

सापळे

नोंद राहत्या गावीच असेल, असेही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. एकाच घरातील पतिपत्नींच्या नोंदींत पाच वर्षांचे अंतर पडले, हे ध्यानी घेतले तर शोधाची कक्षा किती रुंद ठेवावी लागते ते कळते.

दुसरा सापळा नावांचा. परदेशी मिशनऱ्यांनी मराठी नावे रोमन लिपीत कानाला भावली तशी लिहिली. शिवाय बाप्तिस्म्याच्या वेळी कोणी नवे नाव घेतले, कोणी जुनेच ठेवले. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांच्या नोंदींत तर वय अंदाजाने लिहिलेले असू शकते आणि आईवडिलांचा रकाना कोरा.

परदेशांतील दफ्तरे

अमेरिकन मिशनची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात, चर्च मिशनरी सोसायटीची बर्मिंगहॅम विद्यापीठात, तर स्कॉटिश मिशनची एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. तेथे मुख्यतः पत्रे व अहवाल आहेत. पूर्वज मिशनमध्ये शिक्षक, उपदेशक किंवा बायबल-बाई असेल, तर त्यांत उल्लेख सापडण्याचा संभव अधिक. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी १७०९ पासूनच्या आहेत. पण त्यांत प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबे आढळतात.

सुरुवात घरापासून

घरातील जुने बायबल, विवाहाचे दाखले, कबरीवरील लेख यांतून तारखांचा अंदाज बांधावा आणि ज्ञात पिढीकडून अज्ञात पिढीकडे जावे. या वह्या सार्वजनिक नसतात. म्हणून पाळकांना आधी पत्र लिहून नावांची संभाव्य रूपे व अंदाजे वर्षे कळवावीत. परवानगी मिळाल्यास पानाचे छायाचित्र घेऊन त्याची एक प्रत चर्चलाही द्यावी. पावसाळी दमट हवा, वाळवी आणि फिकी पडणारी शाई यांपुढे एकुलत्या एका वहीचा टिकाव लागणे कठीण असते.

प्रौढ वयात बाप्तिस्मा घेतलेल्या पूर्वजाची नोंद विशेष काळजीने वाचावी. तिच्यात वडिलांचे नाव व मूळ गाव लिहिलेले असेल, तर धर्मांतरापूर्वीच्या घराण्याकडे जाणारा तो एकमेव धागा ठरू शकतो. गावाच्या महसुली कागदपत्रांकडे वळायचे ते तेथूनच.