प्लीहेतील सौम्य अर्बुदे

प्लीहेतील सौम्य अर्बुदे म्हणजे प्लीहेत (पांथरीत) निर्माण होणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठी होत. प्लीहा उदराच्या डाव्या बाजूस बरगड्यांखाली असते. जीर्ण तांबड्या रक्तपेशी गाळून काढणे आणि रक्तातील जंतूंचा नाश करणे ही तिची प्रमुख कार्ये आहेत. या गाठी दुर्मीळ असून बहुधा अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत योगायोगाने आढळतात.

प्रकार

रक्तवाहिन्यांपासून बनणारा हिमँजिओमा हा यांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. हॅमार्टोमा ही प्लीहेच्याच ऊतींची अव्यवस्थित वाढ असते. लसीकावाहिन्यांचा लिम्फँजिओमा मुख्यतः लहान मुलांत दिसतो. लिटोरल सेल अँजिओमा या प्रकाराचे वर्णन 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांत त्याच्यासोबत अन्य अवयवांचा कर्करोग आढळल्याने अशा रुग्णांची सर्वांगीण तपासणी करतात.

लक्षणे

लहान गाठींची लक्षणे सहसा जाणवत नाहीत. गाठ मोठी झाल्यास डाव्या कुशीत दुखणे, थोडेसे खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, रक्तक्षय किंवा रक्तबिंबिका (प्लेटलेट) कमी होणे ही लक्षणे उद्‌भवतात. क्वचित गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो.

निदान

सोनोग्राफी, सीटी स्कॅन व एमआरआय यांद्वारे गाठीचा आकार, संख्या व रक्तपुरवठा समजतो. मात्र लसीकार्बुद किंवा अन्य अवयवातून पसरलेला कर्करोगही प्रतिमेत असाच दिसू शकतो. सुईने नमुना घेताना रक्तस्रावाचा धोका असल्याने ती तपासणी निवडक रुग्णांतच करतात. त्यामुळे अनेकदा प्लीहा काढल्यानंतर सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षणातूनच अंतिम निदान होते.

उपचार

लहान, लक्षणरहित व प्रतिमेत निःसंशय सौम्य दिसणाऱ्या गाठींवर ठरावीक काळाने तपासणी करून केवळ लक्ष ठेवतात. गाठ वाढत असल्यास, त्रास देत असल्यास किंवा कर्करोगाची शंका फिटत नसल्यास शस्त्रक्रिया करतात. ती बहुधा दुर्बिणीद्वारे होते. शक्य असेल तेथे प्लीहेचा केवळ बाधित भाग काढतात, कारण संपूर्ण प्लीहा गमावल्यास गंभीर जंतुसंसर्गाचा धोका आयुष्यभर राहतो.

या धोक्यामुळे नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान 2 आठवडे न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूंविरुद्ध लसी देतात. प्लीहा नसलेल्या व्यक्तीस हिवतापही तीव्र स्वरूपात होऊ शकतो. अशा व्यक्तीस ताप आल्यास तो किरकोळ न मानता तत्काळ वैद्यकीय उपचार घेणे आवश्यक असते.