कराची–जुहू विमानमार्ग : अंतर व काल यांचा निर्णय

जुन्या कागदांत दोन गांवांमधील अंतर पुष्कळदां मजलांनीं सांगितलेलें असतें. मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल. ती लष्कराची वेगळी, जासुदाची वेगळी. म्हणून मजलांवरून कोस काढतांना संशोधक सावध असतो. विमानटपालाच्या कागदांविषयीं मात्र ही सावधगिरी सुटते. विमानास नदी किंवा घाट आडवा येत नाहीं. तेव्हां अंतरास वेगानें भागलें कीं काल निघाला, अशी समजूत होते. ती कितपत टिकते हें एका प्रसिद्ध मार्गावरून पाहूं.

लंडनहून कराचीपर्यंत इंपीरियल एअरवेजचें टपाल १९२९ पासून येऊं लागलें. तें पुढें मुंबई व मद्रास येथें पोंचविण्याचें काम टाटांनीं पत्करलें. दि. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे पस मॉथ जातीचें एक-इंजिनी विमान घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले व अहमदाबादमार्गें जुहूस उतरले.

आतां अंतर पाहूं. ड्रिग रोड ते जुहू सरळ रेषेनें सुमारें ८७० किलोमीटर. परंतु कराची ते अहमदाबाद सुमारें ५९० व तेथून जुहू सुमारें ४४०, मिळून १०३० किलोमीटर होतात. ताशीं १६० किलोमीटर वेग धरल्यास पहिल्या हिशेबानें साडेपांच तास व दुसऱ्यानें साडेसहा तास येतात; शिवाय अहमदाबादेस इंधन घेण्याचा खोळंबा निराळा.

घड्याळाचा प्रश्न याहून बिकट आहे. हिंदुस्थानांत प्रमाणवेळ १९०६ सालीं सुरू झाली. परंतु मुंबई शहरांत तिच्याहून ३९ मिनिटें मागें असलेली मुंबईवेळ १९५५ पर्यंत चालू होती. निघण्याची नोंद प्रमाणवेळेची व पोंचण्याची मुंबईवेळेची असेल, तर प्रवास ३९ मिनिटांनीं कमी झाल्याचा भास होईल. टपालाच्या शिक्क्यावरील वेळ तर शिक्का मारल्याची. विमान उतरल्याची नव्हे.

मुक्कामाचें स्थळही स्थिर नव्हतें. पावसाळ्यांत जुहूच्या मैदानाचा चिखल होई, म्हणून त्या महिन्यांत विमानें पुण्यास उतरत. सबब कागदावर ‘मुंबई’ असें असलें तरी जुहू हेंच गृहीत धरूं नये.

या कारणांस्तव, केवळ तासांचा मेळ बसत नाहीं म्हणून एखादें पाकीट बनावट ठरविणें आम्हांस साहस वाटतें. उतरण्याची जागा कोणती, मार्ग कोणता व घड्याळ कोणतें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून निर्णय देऊं नये. खरा कागद एकदां त्याज्य ठरला म्हणजे तो जपण्याची कोणासही गरज वाटत नाहीं.

जेट विमानास हेंच सरळ अंतर तोडण्यास दीड तासाच्या आसपास पुरे. पण १९४७ पासून हीं शहरें दोन राष्ट्रांत आहेत. एप्रिल २०२५ मध्यें त्या राष्ट्रांनीं परस्परांच्या विमानांस आपलें आकाश बंद केलें. अंतर तेंच राहिलें. काल मात्र माणसांच्या हातीं आहे. मजलांचा हिशेब करणाऱ्या जुन्या कारकुनास हें सांगावें लागलें नसतें.