सुंभ, पीळ आणि चिरूट

पाइप ओढू लागलेल्या नवख्याने पीळ घातलेल्या, दोरासारख्या वळलेल्या तंबाखूतील कोणती प्रथम निवडावी, हा प्रश्न वरकरणी केवळ शौकाचा वाटतो. पण शौकाच्या वस्तू निरागस नसतात. त्या कोणी पिकवल्या, कोणी वळल्या, कोणी गलबतात चढवल्या आणि कोणी त्यांना नावे दिली, याचा इतिहास त्यांच्या अंगी मुरलेला असतो. हाच प्रश्न मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, उभा केला तर तो तंबाखूपुरता राहत नाही. तमिळ, पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी या चार भाषांच्या देवघेवीचा तो प्रश्न होतो. एक क्रियापद प्रवासात नाम कसे बनते आणि त्या नामातून कष्टाचा हात कसा पुसला जातो, हे या देवघेवीत दिसते. प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. दोराच्या तंबाखूत पानाची मधली शीर काढून टाकतात, पाने एकापुढे एक ठेवून त्यांना पीळ देतात आणि वर मोठ्या पानाचे वेष्टण घालतात. असा हातभर नव्हे, तर कित्येक वाव लांबीचा दोर तयार होतो व त्याची गुंडाळी करून ठेवतात. काही दोर तसेच तपकिरी राहू देतात. काहींना दाब आणि उष्णता देऊन काळे करतात, त्यामुळे त्यांची चव गडद व मऊ होते. पीळ देण्यामागे व्यवहार होता. घट्ट वळलेल्या पानात हवा कमी शिरते, ओलावा टिकतो, जागा कमी लागते आणि माल दूर नेता येतो. म्हणून दोराची तंबाखू ही मुख्यतः प्रवासाची तंबाखू होय. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील पिळाची तंबाखू अटलांटिक ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई आणि तिच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. इंग्रज खलाशी आपल्या वाट्याची पाने कॅनव्हासात गुंडाळून वर दोरी करकचून आवळीत. इंग्लंडच्या उत्तरेकडील केंडल गावाने हा धंदा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जपला.

आपल्याकडे तंबाखू आली ती पोर्तुगीजांबरोबर. बाहियाची तंबाखू लिस्बनमार्गे गोव्यासही पोचत असे आणि गोव्यातील तंबाखूचा मक्ता हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. दक्षिणेतून ती उत्तरेत कशी गेली, याचे वर्णन असद बेगने केले आहे. अकबराचा हा अधिकारी सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरला गेला होता. परतताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळीचा सरंजाम नेऊन बादशहापुढे ठेवला. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली आणि दरबारात वाद रंगला. पुढे 1617 मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. ती कितपत पाळली गेली, हे चिलीम, गुडगुडी, हुक्का, तपकीर या शब्दांच्या मराठीतील रुळलेपणावरून कळते. तपकिरीने तर आपल्या भाषेला एक रंगही दिला.

तमिळने येथे वेगळी वाट धरली. परक्या वस्तूचे परके नाव स्वीकारण्याऐवजी तिने ‘पुगैयिलै’ असा शब्द घडवला. ‘पुगै’ म्हणजे धूर, ‘इलै’ म्हणजे पान. धुराचे पान. मराठीने ‘तंबाखू’ स्वीकारली, तमिळने तंबाखूचे बारसे केले. आणि पान गुंडाळून ओढण्याच्या प्रकाराला तमिळने नाव दिले ‘सुरुट्टु’. या शब्दाचे वैशिष्ट्य असे की तमिळमध्ये तो एकाच वेळी नामही आहे आणि धातूही. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी, आणि ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळ, वळ. वस्तू उच्चारताच ती घडवणारी कृती उच्चारली जाते.

कोरोमंडल किनाऱ्यावर वावरलेल्या टॉमस बाउरी या इंग्रज व्यापाऱ्याने 1669 ते 1679 या काळातील आपल्या टिपणांत या प्रकाराची नोंद केली आहे. गरीब लोक पान नुसते गुंडाळतात, एक टोक पेटवतात, दुसरे ओठांत धरतात आणि पोर्तुगीज लोक त्याला ‘चेरूटा’ म्हणतात, असा तिचा आशय आहे. बाउरीला ही रीत फार हलकी वाटली. मात्र तंबाखू ओढण्याची मूळ रीत हीच असावी, असेही त्याला वाटले. तुच्छता आणि कुतूहल यांचे हे मिश्रण वसाहतकालीन लेखनात वारंवार भेटते.

मद्रासेत उतरलेल्या कंपनीच्या नवख्या नोकरापुढे निवडीचा प्रश्न होता तो असा. एकीकडे हुक्का होता. त्याला गूळ घालून मळलेली तंबाखू, निखारे, पाणी, लांब नळी आणि हे सारे सांभाळणारा हुक्काबरदार लागे. दुसरीकडे खिशात मावणारा सुरुट्टु होता. अठराव्या शतकात साहेबी प्रतिष्ठा हुक्क्याच्या बाजूने होती. एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या घरांतून हुक्का मागे पडला आणि गरिबाची वळकटी साहेबाच्या ओठांवर गेली. दिंडिगलच्या आसपास पिकलेले पान त्रिचनापल्लीत आणि तेथील उरैयूर भागात वळले जाई. मद्रासच्या माउंट रोडवरील स्पेन्सर कंपनीने दिंडिगलला कारखाना चालवून हा माल सुबक पेट्यांत भरला व दूरदूर पाठवला. माउंट रोडला आता अण्णा सालै म्हणतात. स्पेन्सरची जुनी इमारत 1980 च्या दशकात आगीत नष्ट झाली आणि त्या जागी स्पेन्सर प्लाझा उभा राहिला.

हा माल इंग्लंडात ‘त्रिचनापल्ली’ या नावाने इतका परिचित झाला की 1887 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स घटनास्थळीची राख पाहून गुन्हेगार त्रिचनापल्ली चिरूट ओढत होता, असे सांगतो. लंडनच्या गुप्तहेराला राखेवरून तमिळ मुलुख ओळखता येत होता. पण त्या नावात काय उरले होते ते पाहावे. पान बव्हंशी दिंडिगलकडचे, नाव त्रिचनापल्लीचे, छाप मद्रासच्या कंपनीची. वळणारा हात यांपैकी कशातच नव्हता. तो फक्त ‘सुरुट्टु’ या धातूत होता आणि तो धातू इंग्रजांच्या कानाला ऐकू येत नव्हता.

तो ऐकला एका कोशकाराने. आर्थर कोक बर्नेल हा मद्रास इलाख्यातील न्यायाधीश आणि व्यासंगी पंडित. तंजावरच्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची त्याने 1880 मध्ये प्रसिद्ध केली. सरफोजीराजांनी वाढवलेला सरस्वती महालाचा संग्रह तो हाच. हेन्री यूलच्या सहकार्याने त्याने सिद्ध केलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश त्याच्या मृत्यूनंतर, 1886 मध्ये, निघाला. त्यात ‘चेरूट’ या शब्दाचे मूळ तमिळ ‘सुरुट्टु’मध्ये दाखवले आहे आणि अर्थ ‘गुंडाळी’ असा दिला आहे. होम्स राखेवरून माणूस शोधत होता, त्याच्या एकच वर्ष आधी कोशकाराने शब्दावरून कृती शोधली होती.

आता मराठीकडे वळू. आपला ‘चिरूट’ कोणत्या वाटेने आला? तमिळ शब्दाच्या आरंभी उकार आहे, पोर्तुगीज ‘शारूतु’मध्ये आकार आहे. मराठीतील ‘चि’ हा या दोहोंशी जुळत नाही. इंग्रजी उच्चारातील आखूड, अस्पष्ट स्वराशी मात्र तो जुळतो. एका स्वराच्या साक्षीवर मोठा निकाल देऊ नये, हे खरे. तरी ही साक्ष इंग्रजीकडे बोट दाखवते आणि म्हणून ती विचार करायला लावते. कारण मराठी आणि तमिळ यांचा शेजार काही कालचा नव्हता. व्यंकोजीराजांनी 1676 मध्ये तंजावरास राज्य स्थापले आणि ते 1855 पर्यंत टिकले. खुद्द त्रिचनापल्ली 1741 मध्ये रघूजी भोसल्यांनी जिंकली आणि 1743 पर्यंत ती मुरारराव घोरपड्यांच्या ताब्यात होती. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. इतका सहवास असूनही शेजारघरचा हा शब्द प्रमाण मराठीत आला तो इंग्रजी वेष्टनात आणि वेष्टनाखालचा पीळ मागे राहिला. भारतीय भाषांच्या आधुनिक इतिहासात असे अनेकदा घडले आहे. शेजारणीची ओळख आपल्याला तिऱ्हाइताने करून दिली आहे.

वास्तविक हा पीळ मराठीला परका नव्हता. आपण सुंभ वळतो, वाती वळतो आणि विडीही वळतो. ‘विडी वळणे’ या प्रयोगात मराठीने तीच कृती जिवंत ठेवली आहे, जी तमिळने ‘सुरुट्टु’त ठेवली. सिन्नर आणि सोलापूर येथे हजारो स्त्रियांनी या क्रियापदावर संसार केले. सोलापुरात तर त्यांतील अनेकींची घरची भाषा तेलुगू आणि मजुरीची भाषा मराठी. 1966 मध्ये संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा उरैयूरचा हात आणि सोलापूरचा हात प्रथमच एका ओळीत आले. भाषेला जे साधले नव्हते, ते कायद्याच्या शीर्षकाने केले.

मग नवख्याने कोणता दोर निवडावा? जाणकारांचा सल्ला साधा असतो. तुकडा लहान घ्यावा, त्याच्या पातळ चकत्या कापाव्यात, पीळ बोटांनी मोकळा करून पान वाळू द्यावे, पोट भरलेले असावे आणि घाई नसावी. पीळ घट्ट असतो आणि पान तीव्र असते, हे त्याचे कारण. या पानाने शरीराची काय हानी होते, हे वैद्यकाने आता निर्विवाद सिद्ध केले आहे. त्यामुळे मुळीच न निवडणे हीदेखील एक निवड आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

मात्र साहित्याच्या अभ्यासकाला हाच सल्ला शब्दांच्या बाबतीत शिरोधार्य मानता येईल. परिचित नाम हाती घ्यावे, त्याच्या चकत्या कराव्यात, पीळ मोकळा करावा आणि आत एखादे क्रियापद आहे का ते पाहावे. ‘चिरूट’ या शब्दात ते सापडते. त्या क्रियापदाचा कर्ता कोण होता, हा त्यापुढचा प्रश्न इतिहासाचा आहे. सुंभ जळतो आणि पीळ राहतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो पीळ कोणाच्या हातांनी घातला होता हे म्हण सांगत नाही. ते सांगण्याचे काम आपल्यावर उरते.