१७. मंडई
नारायणगावचा भाजीपाला पुणे–नाशिक रस्त्याने सुमारे ७५ किलोमीटरवरील ज्या ‘मंडईत’ जात असे, ती म्हणजे पुण्याच्या शुक्रवार पेठेतील, आज ‘महात्मा फुले मंडई’ म्हणून ओळखली जाणारी दगडी इमारत होय. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरणारा बाजार छपराखाली आणण्यासाठी नगरपालिकेने ती बांधली. १८८६ मध्ये ती खुली झाली आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ असे नाव मिळाले. बांधणी गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी व उंच शिखर असलेल्या युरोपीय शैलीची असून मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती गाळ्यांची लांब दालने आहेत. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, हे ध्यानात घेता पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने झालेले नामांतर काहीसे विलक्षणच म्हणावे लागेल. येथील घाऊक व्यापार नंतर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला आणि मंडईत मुख्यतः किरकोळ विक्री उरली.