बाजारहाटाची गाडी, शर्यतीचं इंजिन

हॉट हॅच, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या हॅचबॅक, या घराण्याचा मूळपुरुष स्वतः हॅचबॅक नव्हता. 1959 साली आलेल्या मिनीला मागे वर उघडणारं दार नव्हतं, होती ती एक इवलीशी डिकी. सुएझच्या पेचामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि बीएमसी कंपनीने अ‍ॅलेक इसिगोनिसला कमी पेट्रोल पिणारी, पण चार माणसं नीट मावतील अशी छोटी गाडी करायला सांगितलं. त्याने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली तेलात कोंबला, ड्राइव्ह पुढच्या चाकांना दिला आणि दहा इंची चाकं पार चार कोपऱ्यांत ढकलली. इंजिन 848 सीसीचं, ताकद 34 अश्वशक्ती. शर्यत हा विषय त्याच्या ध्यानीमनी नव्हता.

तो होता जॉन कूपरच्या. कूपरच्या गाड्यांनी 1959 आणि 1960 या दोन्ही वर्षी फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलं होतं, चालक जॅक ब्रॅबहम. त्या गाड्यांचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, मधोमध असे. पुढे इंजिन असलेल्या शर्यतीच्या गाड्यांची सद्दी ज्याने संपवली, त्याच माणसाला पुढे इंजिन आणि पुढेच ड्राइव्ह असलेली ही डबी आवडावी, ही गंमतच. कारण त्याने नाकाकडे पाहिलंच नाही, वळणाकडे पाहिलं. वजन नगण्य, चाकं कोपऱ्यांत, त्यामुळे मिनी स्टिअरिंग फिरवताच वळायची. तिला जादा ताकद देण्याच्या कूपरच्या कल्पनेला इसिगोनिस फारसा राजी नव्हता. बीएमसीचे प्रमुख जॉर्ज हॅरिमन यांनी मात्र हजार गाड्यांना होकार दिला, आणि दर गाडीमागे कूपरला दोन पौंड. 1961 ची मिनी कूपर 997 सीसी, 55 अश्वशक्तीची होती आणि तिला पुढे डिस्क ब्रेक होते.

मग 1964 च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्कने 1071 सीसीची कूपर एस पहिली आणली. समोर 4.7 लिटरच्या व्ही-आठ इंजिनांच्या फोर्ड फाल्कन होत्या. त्या काळच्या नियमांत लहान इंजिनाला झुकतं माप होतं, हे विसरू नये. पण पुढच्या वर्षी हिमवादळात टिमो मॅकिनेन जिंकला आणि 1967 मध्ये राउनो आल्टोनेन. मधल्या 1966 साली पहिल्या तिन्ही क्रमांकांवर आलेल्या मिनी हेडलाइटच्या दिव्यांवरून बाद ठरवल्या गेल्या. त्या निर्णयावर इंग्रजांची धुसफूस अजून संपलेली नाही. बर्फात मिनी का पळायची, याचं उत्तर सरळ आहे. इंजिनाचं सगळं वजन जी चाकं गाडी ओढतात त्यांच्याच डोक्यावर. घसरड्या रस्त्यावर पकड तिथेच हवी असते.

मागचं दार आलं ते फ्रान्स-इटलीतून. 1961 च्या रेनो 4 ला ते होतं. 1964 साली फियाटच्या दान्ते जाकोझाने ऑटोबियांकी प्रिमुलामध्ये आडव्या इंजिनाच्या शेजारी, एका टोकाला गिअरबॉक्स लावला. फियाटने हा प्रयोग स्वतःच्या नावाने न करता धाकट्या कंपनीच्या नावाने केला, म्हणजे फसला तर नाचक्की तिची. तो फसला नाही. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक हॅचबॅकचं पोट याच मांडणीचं आहे. पण गिअरबॉक्स एका बाजूला गेल्याने चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट एक आखूड, एक लांब झाले. इंजिन साधं असेतो काही बिघडत नाही. ताकद वाढवली, की दोन्ही चाकांवर जोर सारखा पोहोचत नाही आणि पाय दाबताच स्टिअरिंग एका बाजूला ओढ घेतं. या घराण्याची जन्मखोड ती हीच.

पहिली हॉट हॅच कोणती, यावर गाडीवेडे तासन्‌तास भांडतात. 1971 ची ऑटोबियांकी ए112 अबार्थ आहे, 1974 ची सिम्का 1100 टीआय आहे. मला या वादात रस नाही. प्रकार कुणी का काढला असेना, बाजारात त्याचं नाव झालं ते फोक्सवॅगनमुळे, आणि तेही कंपनीच्या नकळत. 1973 मध्ये आल्फोन्स लोवेनबर्ग या चाचणी अभियंत्याने एका खेळकर गाडीची कल्पना मांडली. अधिकृत प्रकल्प नव्हता, पैसा नव्हता. बीटलचे दिवस सरत आलेले, कंपनी तोट्याच्या तोंडाशी. प्रसिद्धी विभागाचा प्रमुख आंटोन कोनराड याच्या घरी मंडळी जमू लागली. पुढे वरिष्ठांनी मान डोलावली ती शर्यतीच्या नियमापुरत्या पाच हजार गाड्यांसाठी. 1975 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात गोल्फ जीटीआय आली, पुढच्या वर्षी विक्रीला निघाली, आणि पहिल्या पिढीच्या 4 लाख 61 हजारांहून अधिक गाड्या खपल्या.

आकडे पाहा: 1588 सीसी, बॉशचं इंधन इंजेक्शन, 110 अश्वशक्ती, वजन 810 किलो, टॉप स्पीड ताशी 182 किलोमीटर. आत बसलं की सीटवर स्कॉटिश चौकडीचं कापड आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू. दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्टच्या. ती आधी चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढायची. बाहेर ग्रिलभोवती एक बारीक लाल रेघ. बाकी शेजाऱ्याच्या साध्या गोल्फसारखीच गाडी. त्याच वेळी शोरूममध्ये उभी असलेली एमजीबी ही खास स्पोर्ट्स कार 1962 ची, 1800 सीसीची, दोन माणसांची. आणि ती जीटीआयपेक्षा हळू होती. 1980 मध्ये अ‍ॅबिंगडनचा एमजीचा कारखाना बंद पडला, पुढच्या वर्षी ट्रायम्फची स्पोर्ट्स कार टीआर7 संपली. सगळं खापर गोल्फवर फोडणं चूक. अमेरिकेतले धुराचे नियम, पौंडाचा भाव आणि या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा आळस यांचाही त्यात वाटा आहे. पण मागे दोन मुलं, डिकीत आठवड्याचा बाजार आणि वर जास्त वेग, असा सौदा समोर असताना स्वस्त स्पोर्ट्स कारला गिऱ्हाईक उरलं नाही, हेही तितकंच खरं.

म्हणजे हॅच जिंकली? बाजारात जिंकली. रस्त्यावरची गोष्ट निराळी. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. ती वळायला खर्च केली, तर ओढायला उरत नाही. हॅचची पुढची चाकं दोन्ही कामं करतात. वर पाय दाबला की वजन मागे सरकतं आणि नेमकी पुढचीच चाकं हलकी होतात. वळणात आतलं चाक जागच्या जागी फिरतं, गाडीचं नाक बाहेर जातं. 1984 च्या पूजो 205 जीटीआयने यावर वेगळीच युक्ती दिली. वेगात वळणात शिरा, मध्येच अ‍ॅक्सलरेटरवरून पाय उचला. वजन धावत पुढे येतं, मागची चाकं मोकळी होतात आणि शेपूट आपण होऊन वळायला मदत करते. जाणत्यांना ही जादू वाटली. घाबरून पाय उचलणारे मात्र कुंपणात गेले.

अभियंते मग चाळीस वर्षं त्या जन्मखोडीशी झगडले. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आले, पुढच्या चाकाचा वळण्याचा अक्ष चाकाच्या मध्याजवळ आणणारी सस्पेन्शन आली. फळ जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर दिसलं. 1999 मध्ये वॉल्टर रोर्लने पोर्श 911 जीटी3 तिथे 7 मिनिटं 56 सेकंदांत फिरवली होती. 2017 मध्ये होंडा सिव्हिक टाइप आरने 7 मिनिटं 43.8 सेकंद नोंदवली. मधल्या 18 वर्षांत टायर किती सुधारले हे लक्षात घेतलं, तरी पाच दारांच्या गाडीसाठी हे फार झालं.

तरी माझ्या मते खरा निवाडा घड्याळ देत नाही, रेनोने नकळत दिला. 2017 मध्ये रेनोच्याच घरची अल्पीन ए110 आली: दोन सीटची, इंजिन मधोमध, वजन 1100 किलोच्या आसपास, 252 अश्वशक्ती. पाठोपाठ रेनोची हॅच मेगान आरएस आली, त्याच 1.8 लिटर टर्बो इंजिनाची, उलट जास्त ताकदीची, 280 ची. वजन 1400 किलोच्या वर. शून्य ते शंभरला अल्पीनला साडेचार सेकंद, मेगानला जवळपास सहा. इंजिन एकच, घराणी दोन. 28 अश्वशक्तीचा जादा जोर वजनापुढे आणि ड्राइव्हच्या जागेपुढे टिकला नाही. मेगानमध्ये पाच जण बसतात, अल्पीनमध्ये सामानाच्या दोन बॅगा बसल्या तर नशीब. मला रोजची गाडी विचाराल तर मी मेगान घेईन. नुसती चालवायची म्हणून गाडी विचाराल, तर मेगानचं नावही काढणार नाही.

रेनोने दोन्ही घराणी एकत्र बांधूनही पाहिली होती. 1980 च्या रेनो 5 टर्बोमध्ये इंजिन मागच्या सीटच्या जागी बसवलं, आणि पुढच्याच वर्षी झाँ रान्योती माँटे कार्लो जिंकला. पण मागची सीट गेली, म्हणजे हॅच असण्याचं कारणच गेलं.

आपल्याकडे हा सामना नीट रंगलाच नाही. 2006 पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलवर 1200 सीसीपर्यंतच्या गाड्यांना करात सवलत मिळाली. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयने 2013 मध्ये त्या चौकटीत राहून 105 अश्वशक्ती काढली. 2015 ची रांजणगावची पुंटो अबार्थ 145 अश्वशक्तीची, पण 1.4 लिटरची, म्हणजे सवलतीबाहेर. ती फार काळ टिकली नाही. 2025 मध्ये गोल्फ जीटीआय आयात होऊन आली ती सुमारे 53 लाखांना. समोर उभी करायला देशी स्पोर्ट्स कार म्हणावी तर दिलीप छाब्रिया यांच्या डीसी अवंतीचं नाव निघतं: दोन दारं, बसकं अंग, इंजिन मधोमध. ते इंजिन रेनोचं दोन लिटरचं टर्बो, आधीच्या पिढीच्या मेगान आरएसच्या बॉनेटखालचं.