पेव, पासबुक आणि ९१ दिवस

मोहोळच्या आडतीवर दिवाणजी म्हणून माझा जन्म गेला. श्रीमंत व्हायचं कसं, हे मला फारसं कुणी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, की चार-सहा महिने पैसा ठेवायचा कुठं? शाळूची पट्टी शिमग्याच्या आगेमागे हातात यायची, लगीन वैशाखात, पेरणी पुन्हा हस्तात. मधे ते धन खर्चायचंही नाही आणि अडकवायचंही नाही.

जुन्या लोकांनी ते दाण्याच्या रूपात जमिनीतच, पेवात ठेवलं. पेव काळ्या रानात खणत नसत. काळी ओल धरते, भेगाळते. गावठाणाच्या पांढरीत खड्डा, चहूबाजूंनी कडब्याचं अस्तर, आत ज्वारी, तोंडावर दगड आणि मातीचा गिलावा. हवा कोंडली की कीड जगत नाही. उघडताना मात्र जिवाशी गाठ. आत वायू साचलेला असायचा. तोंड उघडून वाट पाहायची, दिवा सोडायचा, तो तेवत राहिला तरच माणूस उतरायचा. आणि पेव एकदा उघडलं की सगळं रिकामं करावं लागे, नाहीतर उरलेल्या दाण्याला हवा-ओल लागे. मण-दोन मण काढून पुन्हा झाकायची सोय नाही. म्हणून रोजच्या भाकरीला घरात कणगी वेगळी असायची.

१८६० साली रेल्वे मोहोळवरून सोलापूरला पोचली आणि दाण्याची रोकड होणं सोपं झालं. रोकड आली तसा सावकारही माजला. १८७९चा शेतकऱ्यांना कर्जातून सोडवणारा कायदा सरकारनं आधी पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर याच जिल्ह्यांना लावला, यातच काय ते आलं. १८८२ला पोस्टाची बचत बँक निघाली. पासबुकाला कीड लागत नव्हती. 

उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस आला. बिल चौदा दिवसांत द्यावं असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो. ते येतं तेव्हा एकरकमी येतं. मग भिशी, पतसंस्था. पतसंस्थेचं व्याज चढं, पण बँकेतल्या ठेवीला २०२०पासून जे पाच लाखांचं विमाकवच आहे, ते तिथं नाही.

आता नातू म्युच्युअल फंडातला लिक्विड फंड दाखवतो. मी आधी आत काय भरलंय ते विचारलं. सरकारी ट्रेझरी बिलं, बँकांची ठेवपत्रं, कंपन्यांची अल्पमुदतीची कर्जं. मुदत ९१ दिवसांच्या आत. व्याजाची हमी नाही. सप्टेंबर २०१८मध्ये आयएल अँड एफएस या वित्त कंपनीनं देणी थकवली, तेव्हा तिच्या कर्जाचे कागद धरून बसलेल्या काही लिक्विड फंडांचं मूल्य एका दिवसात घसरलं होतं. कंपनीचे कागद कमी आणि सरकारी जास्त, असाच फंड मला पटतो. अर्धा टक्का कमी मिळेना का.

पेवाला न जमलेलं मात्र इथं जमतं: लागेल तेवढंच काढा, बाकी राहू द्या. पहिल्या सहा दिवसांत काढलं तर ऑक्टोबर २०१९पासून किरकोळ कपात होते. बऱ्याच फंडांत ५० हजारांपर्यंत लगेच मिळतात, बाकीचे कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी. शुक्रवारी सांगितलं तर सोमवार उजाडतो. बियाण्याचा दुकानदार तोवर थांबत नाही, म्हणून नातू थोडी रक्कम पोस्टात ठेवतोच.