कापड कोणाचे नेसावे?

‘नैतिक फॅशन’ हा शब्दप्रयोग मराठीत अलीकडे रुळू लागला आहे. कपडे विकत घेताना ते कोणी शिवले, त्यांना काय मजुरी मिळाली, रंगांचे पाणी कोणत्या नदीत गेले, आपल्याला खरोखर एवढ्या कपड्यांची गरज आहे का, असे प्रश्न ग्राहकाने स्वतःला विचारावेत, असा या विचाराचा आशय. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य शिवणकामगार होते. त्यानंतर या विचाराला जगभर धार आली. त्यामुळे हा पाश्चात्त्य शहरांतून आपल्याकडे आलेला विचार आहे, असे सहज वाटते. शब्द नवा आहे खरा. पण कापड विकत घेणे ही नैतिक कृती आहे, हे मराठी समाज सुमारे पावणेदोनशे वर्षे ऐकत आला आहे. प्रस्तुत लेखात या जुन्या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे, आणि तोही पुण्या-मुंबईच्या दुकानांतून न घेता नेरच्या शेतातून. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचे नेर, म्हणजे नेर परसोपंत, हे कापसाच्या मुलखातले गाव. पूर्वी ते दारव्हा तालुक्यात होते, आज स्वतंत्र तालुका आहे. येथून पाहिले की या प्रश्नाच्या इतिहासातली एक रिकामी जागा नजरेत भरते.

आरंभ लोकहितवादींपासून करावा लागतो. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेल्या शतपत्रांत त्यांनी परदेशी माल नाकारून आपल्या देशात होईल तेच जाडेभरडे वापरण्याचा सल्ला दिला. १८७२ मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका यांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते सार्वजनिक सभेच्या वतीने हातसुताच्या पोशाखात गेले. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, तिच्यामागे तरुण सावरकर होते आणि टिळक व शि. म. परांजपे यांचा पाठिंबा होता. या तिन्ही प्रसंगी प्रश्न एकच होता : कापड कोणत्या देशाचे? पैसा मँचेस्टरला जातो की आपल्याकडे राहतो? विणकर बुडाला याचे दुःख त्यात होते, देशाभिमान तर होताच. मात्र नैतिक निर्णय घेणारा माणूस हा विकत घेणारा होता. त्याच्यापाशी निवड करण्याइतका पैसा होता आणि होळीत टाकण्याइतके कपडे होते.

याच काळात वऱ्हाडात काय चालले होते? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या हाती दिला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक मोल आले. लोहमार्ग बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका बाजारगावाच्या फाट्यासाठी व्हाइसरॉयने यावे, एवढी कापसाची महती होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी नेमलेल्या रिव्हेट-कारनॅक या कॉटन कमिशनरने आपल्या अहवालात एक आशा स्पष्ट मांडून ठेवली आहे. ती अशी की, रेल्वेने स्वस्त विलायती कापड या भागात यावे, देशी विणकर त्यापुढे टिकू नये, आणि माग सोडून मोकळे झालेले हात कापसाच्या शेतीकडे वळावेत. म्हणजे वऱ्हाडातल्या माणसाने कोणते कापड विकत घ्यावे, हा त्याच्या मजुरीचा, जमिनीचा आणि धंद्याचा प्रश्न आहे, हे राज्यकर्त्यांना आधीच कळले होते. स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनी जे नीतीच्या भाषेत मांडले, तेच कमिशनरने धोरणाच्या भाषेत उलट बाजूने मांडले होते.

ही आशा बऱ्याच अंशी फळाला आली. विदर्भात जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत कोष्टी होते, तसे महारही होते. गिरणीच्या मालाने त्यांचा धंदा मोडला. कोणी शेतमजूर झाले, कोणी जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या फाटकातून आत गेले. नेरसारख्या गावाची नवी ओळख याच काळात पक्की झाली. रुई बाहेर जाणार आणि कापड बाहेरून येणार. पुण्यात होळी पेटली त्याच १९०५ साली वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले. त्या जिल्ह्यातल्या कुणब्याला परदेशी कापड जाळायला सांगणे, आणि त्याची रुई परदेशी जाते तेव्हा त्याला काय भाव मिळतो हे विचारणे, हे दोन प्रश्न एकत्र यायला हवे होते. ते आले नाहीत.

खादीने प्रश्न एक पायरी खाली आणला. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला आणि १९३० च्या दशकात यवतमाळच्या शेजारचा वर्धा जिल्हा या कामाचे केंद्र बनला. येथे कापडाच्या देशाबरोबर कापड करणाऱ्या हातांची चौकशी सुरू झाली. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्या स्त्रियांना निर्वाहाइतकी किमान मजुरी देण्याचे ठरवले. गांधींची अपेक्षा आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत अशी होती. प्रत्यक्षात संघाला तेवढे झेपले नाही, पण मजुरी वाढली आणि तिच्याबरोबर खादीचा भावही वाढला. ‘खादी महाग का?’ या तक्रारीला त्यानंतर एक प्रामाणिक उत्तर होते : कारण कातणारीला आता थोडे अधिक मिळते. आज ज्याला ‘न्याय्य व्यापार’ म्हणतात त्याचा हा स्वच्छ आरंभ होता, आणि त्याची अडचणही तेव्हाच दिसली. भाव वाढला की गरीब गिऱ्हाईक दुरावते आणि नीती पैसेवाल्यांच्या कपाटात जाऊन बसते.

येथे डॉ. आंबेडकरांना वगळून पुढे जाता येत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की, लुगडे सवर्ण स्त्रियांप्रमाणे नेसा, जात दाखवणारे दागिने टाका, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ ठेवा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले, टाकलेले, प्रेतावरचेही वस्त्र घ्यावे लागले, त्यांच्यासाठी दुकानातून आपल्या पैशाने आणलेले कोरे कापड हीच नीती होती. ते विलायती आहे की देशी, हा पुढचा प्रश्न. जाडेभरडे नेसण्याचे व्रत घेण्यासाठी आधी तलम नेसण्याचा हक्क असावा लागतो. स्वेच्छेचा साधेपणा आणि लादलेले दारिद्र्य लांबून सारखेच दिसतात, म्हणून त्यांत गल्लत होते. आजही स्वस्त तयार कपड्यांची टवाळी करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवायला हवा. दिवाळीला मुलाच्या अंगावर नवा शर्ट घालणाऱ्या मजुराला ‘कपडे कमी घ्या’ असे सांगण्यात काही अर्थ नाही. तो कमीच घेतो.

वऱ्हाडी बोलीतल्या कथनाचा थोर नमुना असलेल्या उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीकडेही या दृष्टीने पाहता येईल. कौतिकचे घर शिंप्याचे. कापसाच्या मुलखात कपडे शिवणारे घरच पोटाला महाग असावे, ही त्या कादंबरीची केवळ पार्श्वभूमी नाही. कापड आणि भाकर यांचे गणित तेथे रोज मांडले जाते आणि रोज चुकते. आपण विद्यार्थ्यांना ‘धग’ची बोली शिकवतो, कौतिकची सोशिकता शिकवतो. तिच्यातल्या शिवणकामाच्या मजुरीचे वाचन मात्र क्वचितच होते.

एकदाच असे घडले की कापडाच्या नीतीचा प्रश्न पिकवणाऱ्याने विचारला. जून १९८५ मध्ये राजीव गांधी सरकारचे वस्त्रधोरण आले आणि कृत्रिम धाग्याला त्यात मोकळीक मिळाली. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने या धोरणातल्या कपड्यांना ‘राजीवस्त्र’ असे नाव दिले, त्यांवर बहिष्कार पुकारला आणि त्यांच्या होळ्या केल्या. १९०५ च्या होळीशी तिचे बाह्यरूप जुळते, पण आशय निराळा आहे. येथे शत्रू परदेश नव्हता आणि व्रतस्थ साधेपणाही नव्हता. मागणी कापसाच्या भावाची होती. त्या आंदोलनाने शेतकऱ्यालाच एक अवघड प्रश्न विचारला : कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर टेरिकॉट का? उत्तर अवघड नव्हते. ते लवकर वाळते, इस्त्री लागत नाही, बरीच वर्षे टिकते. कापूस पिकवणाऱ्याला सुती परवडत नव्हते. पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर १९८६ रोजी, कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेले तीन शेतकरी मराठवाड्यातल्या सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले. स्वदेशीच्या इतिहासात होळ्यांचे वर्णन सविस्तर असते. सुरेगाव त्या इतिहासात नसते.

त्यानंतरची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याच सुमारास एम्प्रेस मिल कायमची बंद झाली आणि पुढे तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. जेथे कापड निघत होते तेथे तयार कपडे विकले जाऊ लागले. यवतमाळला लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमचा कारखाना आला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. राणा प्लाझाची छायाचित्रे जगाने पाहिली. हे मृत्यूही एका अर्थी कपड्याच्याच कारखान्यात झाले होते. फक्त त्या कारखान्याला छत नव्हते, म्हणून ते शेतीच्या बातम्यांत गेले.

आता थोडा हिशोब मांडू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, म्हणजे किलोला सुमारे ८१ रुपये. सरकी काढल्यावर साधारण तिसरा हिस्सा रुई उरते. एका सुती शर्टाला वाया जाणारी धरून ३०० ग्रॅम रुई लागते असे मानले, तर कापूस लागेल ९०० ग्रॅम. किंमत सुमारे ७३ रुपये. त्यातच बियाणे, खत, फवारणी, आणि किलोवर मजुरी घेऊन वाकून वेचणाऱ्या बायकांचे पैसे. शर्ट दुकानात पंधराशेला असेल तर कापसाचा वाटा पाच टक्क्यांच्या आत राहतो. शेतकऱ्याला वीस टक्के भाव वाढवून द्यायचा तर त्या शर्टामागे पंधरा रुपये पुरतील. हे पंधरा रुपये द्यायला कोणता ग्राहक नकार देईल? पण ते नेरपर्यंत पोचवणारी वाट नाही. शर्टाची किंमत वाढली तरी ती वाढ वाटेतच मुरते. उलट, १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षअखेरपर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले, तेव्हा त्याचा धसका मात्र शेतापर्यंत थेट पोचला.

म्हणून वैयक्तिक खरेदीच्या सवयींना अर्थ नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्यांच्यापाशी निवड आहे, त्यांनी कमी घ्यावे, टिकेल ते घ्यावे, उसवले तर शिवून घ्यावे. ही जुनी घरगुती शहाणीव आहे आणि तिला फॅशनचे नाव देण्याची गरज नाही. पण १९३५ च्या ठरावापासून शिकायचे ते असे की, सद्‌भावनेला वाट लागते. चरखा संघाला कातणारी माहीत होती, म्हणून वाढीव पैसा तिच्या हातात पडू शकला. वर्ध्याचे मगन संग्रहालय आजही सेंद्रिय कापूस, नैसर्गिक रंग आणि खादी यांची साखळी जोडू पाहते. तेथे निदान कापसाचे शेत कोणाचे, हे विचारता येते. असे प्रयत्न लहान आहेत, आणि हमीभावाची, खरेदी केंद्रांची व आयातधोरणाची जागा ते घेऊ शकत नाहीत. ग्राहकाची नीती नागरिकाच्या मागणीला जोडली गेली नाही, तर ती पुन्हा कपाटापुरतीच उरेल.

लोकहितवादींनी विचारले, कापड कोणत्या देशाचे. गांधींनी विचारले, कोणाच्या हातचे. आंबेडकरांनी विचारले, ते नेसण्याचा मान कोणाला. यांतला एकही प्रश्न कालबाह्य झालेला नाही. १९८५ साली पिकवणाऱ्याने विचारलेला प्रश्न, कापड कोणाच्या शेतातले आणि कोणत्या भावाचे, अजून आपल्या साहित्याच्या व समीक्षेच्या शब्दसंग्रहात नीटसा आलेला नाही. आज शर्टाच्या आतल्या पट्टीवर तो शिवला त्या देशाचे नाव असते. कापूस पिकला त्या गावाचे नाव लिहिण्याइतकी जागाही त्या पट्टीवर रिकामीच असते.